खंडेनवमीला मिळालेली गाडी

त्या फोटोत मी टाळ्या वाजवते आहे. मला सगळ्यात जास्त शिसारी येते ती त्या टाळ्यांची. पिवळी साडी, तोंड उघडं, दोन्ही तळहात एकमेकांवर आपटलेले. पुढे पांढरी अँबॅसिडर, तिच्या बॉनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. गाडीशेजारी मालक उभे, त्यांच्या हातात किल्ली, आणि ती घ्यायला ओंजळ पुढे केलेले माझे वडील. पहाटे चारला उठून गाडी धुतलेली, तरी त्यांच्या पांढऱ्या ड्रेसवर एक डाग नाही. फोटो फार चांगला आला आहे. आता तो ट्रंकेत तळाशी पालथा घातलेला आहे.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. बारामतीला जळोचीच्या बाजूला एका बड्या बागायतदाराचा बंगला होता, तिथं आबा तीस वर्षं ड्रायव्हर. त्या बागायतदाराचं नाव मी घेणार नाही, माझ्या तोंडाला ते नको. सगळे त्यांना मालक म्हणायचे, मीही तेच म्हणते. आमचं घर इंदापूरला. आबा गॅरेजला लागून असलेल्या खोलीत राहायचे आणि आठवड्यातून एकदा एसटीनं घरी यायचे. दुसऱ्यांना गाडीतून फिरवणारा माणूस स्वतः एसटीत उभा राहून यायचा, आणि आल्याआल्या आईला सांगायचा, आज गाडी कशी पळाली.

आम्ही बौद्ध. मालकांनी आमच्या वस्तीतला माणूस ड्रायव्हर म्हणून ठेवला, याचं त्या काळी फार कौतुक झालं म्हणे. मालक किती सुधारलेल्या विचाराचे! आणि त्या सुधारलेल्या बंगल्यात माझ्या वडिलांचा चहाचा कप गॅरेजच्या खिडकीत ठेवलेला असायचा. निळ्या पट्ट्यांचा, कान तुटलेला. स्वयंपाकघरातली बाई वरून चहा ओतायची, आबा प्यायचे, नळावर कप विसळायचे आणि पुन्हा खिडकीत पालथा ठेवायचे. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, आबा, तुमचा कप इथं का? तर म्हणाले, "माझा सोताचा कप हाय पोरी. दुसऱ्या कुणाला लावत न्हाईत." ही गोष्ट त्यांनी मला मान म्हणून सांगितली. माझे आबा असे होते, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही त्यांच्यावर चिडणार नाही. चिडायचं काम मी केलेलं आहे.

आमच्या भागात खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, घरातल्या सगळ्या लोखंडाची पूजा होते. नांगर, कोयता, पाण्याची मोटर, ट्रॅक्टर आणि असली तर गाडी. आमच्या घरात पूजाअर्चा नव्हती, पण आबा त्या दिवशी मालकांची गाडी जशी धुवायचे, तशी पूजा बंगल्यातल्या एकाही माणसाला जमली नसती. जुन्या बनियनचा बोळा करून चाकाच्या खाचाखाचांतून फिरवायचे. ज्या वर्षी आबांना कामावरून मोकळं करायचं ठरलं, त्या वर्षी मालकांनी नवी मोठी गाडी घेतली होती. जुनी अँबॅसिडर अंगणात उभी. खंडेनवमीला मालकांनी शेजारपाजारचे बागायतदार, दोन-तीन पुढारी असे सगळे बोलावले, आम्हा घरच्यांनाही बोलावलं. नारळ फुटला. मालक म्हणाले, "आजपासून ही गाडी आमच्या ड्रायव्हरची."

काय टाळ्या पडल्या म्हणता! त्यांत माझ्याही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण आबांनी आभाराचं भाषण वाचून दाखवलं, आणि ते भाषण लिहिलं होतं मी. डी.एड. झालेली, जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना निबंध शिकवणारी मी! त्यात मी लिहिलं होतं की मालकांचे हे उपकार आमच्या सात पिढ्या विसरणार नाहीत. सात पिढ्या! मला दोन वाक्यांत भागवता आलं असतं. पण लेखणी हातात आली की आपल्याला चेव चढतो ना. मालकांनी डोळे टिपले. त्यांचा थोरला मुलगा, ज्याला सगळे धाकले मालक म्हणायचे, तो कॅमेरेवाल्याला म्हणाला, अजून एक काढ.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, म्हणजे आमच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या मोठ्या सणाला, आबांनी वस्तीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना त्या गाडीतून विहारात वंदनेला नेलं. चार-चार जणींच्या फेऱ्या केल्या. पांढरी लुगडी नेसलेल्या म्हाताऱ्या खिडकीतून हात बाहेर काढून बसलेल्या. एक म्हातारी उतरायलाच तयार नव्हती, म्हणाली अजून एक चक्कर मार की रं. त्या दिवसाचं मात्र मला वाईट वाटत नाही. तो आनंद खरा होता आणि तो आमचा होता.

मी अगदीच बावळट नव्हते. आठवड्याभरानं मी विचारलं, "आबा, गाडीचं पुस्तक कुठंय? ते तुमच्या नावावर करून घ्यायला पाहिजे ना?" गाडीचं पुस्तक म्हणजे तिच्या मालकीचा सरकारी कागद, तो नावावर झाला की गाडी आपली. आबांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्यांच्या ताटात थुंकले.

"चारचौघात नारळ फोडून दिली मला. आता त्येंच्याकडं कागद मागू? म्हंजी माझा इस्वास न्हाय असं सांगू?"

आणि खरं सांगते, मी गप्प बसले, कारण आमच्या भागात हे असंच चालायचं. बैलजोडी दिली, गाडी दिली, बांधावरचं झाड दिलं, तर नारळ फोडायचा आणि चार माणसं बोलवायची. दिलेलं कुणी परत मागायचं नाही. कागद मागणारा माणूस हलका. मालकांनीही गाडी परत मागितली नाही, हे कबूल केलं पाहिजे. परत मागण्याची त्यांना गरजच नव्हती, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

दोन वर्षं गाडी पळाली. मग मालक वारले. आबा तिकडे तेरा दिवस जाऊन राहिले, पाव्हण्यांना स्टँडवरून बंगल्यावर आणायचं काम केलं, स्वतःच्या गाडीतून आणि स्वतःच्या पेट्रोलवर. त्यानंतर तीन-चार महिन्यांनी आबा आईला दवाखान्यातून घेऊन येत होते, तेव्हा सोलापूर रोडवर इंदापूरच्या अलीकडं पोलिसांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. कागद दाखवा म्हणाले. आबांनी डॅशबोर्डातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला फोटो काढला.

फोटो! तो नारळाचा आणि टाळ्यांचा फोटो. आबांना खरोखर वाटलं होतं की तो पुरेसा आहे. हवालदारानं तो हातात घेतला, पोट धरून हसला आणि बाकीच्यांना हाक मारली, "अरे या रे, आरसी बुक बघा यांचं! नारळासकट हाय!" आई गाडीत बसलेली, अंगात ताप. सगळे जमून फोटो बघत होते. एक जण म्हणाला, यात ही टाळ्या वाजवणारी कोण? मग त्यांनी नंबर लिहून घेतला आणि आबांना विचारलं, "म्हाताऱ्या, खरं सांग, कुठनं उचलली?"

गाडी चौकीत लागली. आई तापल्या अंगानं आणि आबा तिला धरून, उन्हातून चालत घरी आले. चौकीतल्या साहेबांनी सांगितलं होतं, कागद आणा आणि गाडी न्या, नाहीतर बेवारस म्हणून लिलाव. पण लिलावाचं आबांना काही नव्हतं. त्यांच्या डोक्यात ते एकच वाक्य अडकलं होतं. तीस वर्षांत एका सायकलीला धक्का लागला नाही, एक पावती फाटली नाही, आणि शेवटी काय, तर कुठनं उचलली! त्यांचं जेवण तुटलं. भाकरीचे तुकडे करून ताटात फिरवत बसायचे. "मला ती गाडी नगं," एके दिवशी म्हणाले. "पर त्या पुस्तकात माझं नाव लागलं पायजे. मी चोर न्हाय, ह्ये कुठंतरी लिवलेलं पायजे."

म्हणून मी हे सगळं अंगावर घेतलं. नावासाठी. गाडी तर बघवत नव्हती. चौकीच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली उभी, काचांवर पाखरांची घाण, बॉनेटवर गुटख्याच्या पिचकाऱ्या. दारं उघडीच. दुपारी एक शिपाई मागच्या सीटवर पाय दुमडून झोपायचा, बूट काढून खिडकीत ठेवायचा. आरसे कुणीतरी काढून नेलेले. पोलीस चौकीच्या आवारातून चोरी होते आणि चोर कोण, तर माझे आबा!

बंगल्यावर आम्ही सहा हेलपाटे घातले. इंदापूरहून एसटी, बारामतीच्या स्टँडवरून जळोचीपर्यंत मिळेल ते. धाकले मालक दर वेळी व्हरांड्यातल्या झोपाळ्यावर. चांगला पन्नाशीचा बाप्या, तोंडात साखर घोळत असायची. "या ड्रायव्हरमामा! बसा. पुस्तक ना? शोधतोय की. वडिलांच्या कपाटात असंल. सापडंना बघा." बसा म्हणायचा, पण कुठं ते दाखवायचा नाही. आबा पायरीवर बसायचे. मी उभी राहायचे. मग आतून चहा यायचा. मला स्टीलच्या पेल्यात आणि आबांना... काय सांगू! बाई गॅरेजकडं जाऊन तो कप घेऊन यायची. तोच, निळ्या पट्ट्यांचा. महिनोन्महिने पालथा पडलेला, आत कोळ्याचं जाळं असेल म्हणून ती तो नळाखाली धुवायची आणि आबांच्या हातात द्यायची. आबा खूश. "कप ठिवलाय बघ अजून माझा," मला हळूच म्हणाले. मी चहा कुंडीत ओतला. मुद्दाम, सगळ्यांसमोर ओतला. धाकले मालक हसले आणि म्हणाले, बाईंना साखर कमी लागती वाटतं.

सहाव्या खेपेला त्यांनी मार्ग काढला. पुस्तक हरवलं असं ते लिहून देणार, मालकांचे वारस म्हणून गाडी आबांच्या नावावर करायला हरकत नाही असं प्रतिज्ञापत्र करणार, सगळ्या फॉर्मवर सह्या देणार. मी आणलेले फॉर्म हातात घेऊन त्यांनी वारा घ्यावा तसे हलवले.

"सहीचं काय एवढं, मामा! पण माझं एक काम करायचं. पोराचं लगीन हाय पुढच्या महिन्यात. नवरदेवाची गाडी तुमीच चालवायची. माझ्या लग्नात बी तुमीच व्हता. आमच्या घराची रीतच हाय ती. सही तितंच करतो, मांडवात."

मी म्हणाले, सहीचा आणि लग्नाचा काय संबंध? पण तोवर आबांचा चेहरा उजळला होता. ज्या माणसाला सहा वेळा पायरीवर बसवलं, तो माणूस सातव्यांदा यायला मिळणार म्हणून खूश झाला होता! एसटीत मी त्यांच्याशी भांडले. आजूबाजूचे लोक बघत होते तरी भांडले. म्हणाले, तुम्ही त्यांचे नोकर राहिला नाहीत आता, कशाला जाताय मिरवायला? पाव्हण्यांना जुना ड्रायव्हर दाखवायचाय त्याला, कळत नाही का तुम्हाला? आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सही पायजे का नगं? पायजे ना? मग गप बस."

पांढरा ड्रेस पेटीतून निघाला. सदरा पोटावर घट्ट होत होता, आईनं दोन्ही बाजूंची शिवण उसवून दिली. त्यावर टोपी. बूटपॉलिश मी स्वतः केलं, दात खात केलं.

लग्न बारामतीतल्या एका मोठ्या कार्यालयात होतं. वैशाखाचं ऊन. बंगल्यापासून कार्यालयापर्यंत वरात, पुढं बँड, बँडच्या पुढं नाचणारी पोरं, आणि मागं पहिल्या गिअरमध्ये बैलाच्या चालीनं चाललेली ती नवी गाडी. आबांना मोतीबिंदूची सुरुवात होती, हे फक्त मला आणि आईला माहीत. अडीच तास त्यांनी एका पायावर क्लच धरून ठेवला. मी कडेकडेनं चालत होते, फॉर्मची पिशवी पोटाशी धरून. दर थोड्या वेळानं धाकले मालक कुणातरी पाव्हण्याला गाडीच्या काचेपाशी घेऊन यायचे आणि सांगायचे, "हे आमचे जुने ड्रायव्हर. वडिलांनी यांना गाडी बक्षीस दिली. अख्खी गाडी! कोण देतं हो आजकाल?" पाव्हणा वाकून बघायचा, आबा टोपीला हात लावायचे. तीन वेळा तर मी माझ्या कानांनी ऐकलं. मेलेल्या बापाच्या नावावर अजून टाळ्या घेणं चालू होतं, आणि गाडी इकडं चौकीत पाखरांच्या घाणीखाली.

जेवणाची पंगत बसली तेव्हा आबांचं ताट गाडीत पाठवलं. "गाडी सोडू नका, मामा, नवी हाय," असा निरोप. आबांनी स्टिअरिंगवर ताट टेकवून बुंदी खाल्ली. मला बोलावलं होतं पंगतीला, मी गेले नाही. उपाशी राहिले आणि उन्हात उभी राहिले. त्यानं काय होणार होतं? काही नाही. पण त्या मांडवातला घास माझ्या घशाखाली उतरला नसता.

शेवटी चारच्या सुमाराला धाकले मालक आले, हाताला अजून हळद, आणि बॉनेटवर कागद पसरून भराभर सह्या केल्या. पाच का सहा. एकही ओळ वाचली नाही. हरवलेल्या पुस्तकाच्या कागदावर तर हळदीचं अख्खं बोट उमटलं. "झालं का समाधान, बाई?" मला विचारलं. आबांनी हात जोडले. मी जोडले नाहीत, पण आभारी आहे असं तोंडातून निघून गेलं. सवयीनं निघालं. त्याचाही मला अजून राग येतो.

मग चौकीत जाऊन आम्ही गाडीच्या नंबराचा छाप घेतला. बॉनेटच्या आत लोखंडावर ठोकलेला नंबर असतो, त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल घासायची, म्हणजे आकडे कागदावर उमटतात. आबांनी आधी धोतराच्या जुन्या फडक्यानं ती जागा पुसली. पेन्सिल आडवी धरून इतक्या हळू घासत होते की मी म्हणाले, आबा, जरा जोर लावा. "लागतंय की," म्हणाले. एकेक आकडा वर आला. आबांनी कागदावर फुंकर घातली आणि तो माझ्या वहीत ठेवला. पुढचा सगळा आठवडा त्यांनी नीट जेवण केलं.

त्या काळी आमच्याकडं गाड्यांचं ऑफिस नव्हतं. महिन्यातून एकदा बारामतीला पासिंगचा कॅम्प लागायचा. पुण्याहून साहेब आणि दोन कारकून यायचे, गावाबाहेरच्या एका मोकळ्या मैदानात चिंचेच्या झाडाशेजारी खोलीत टेबलं मांडायचे. बाहेर ट्रॅक्टर, टेम्पो, जीपगाड्यांची रांग आणि झाडाखाली रेक्झिनच्या पिशव्या घेतलेले एजंट. आम्ही एका कॅम्पला कागद दिले. कारकून हळदीच्या बोटाकडं बघून म्हणाला, हे काय, पूजा केली का फॉर्मची? पुण्याला जुन्या नोंदी बघाव्या लागतील, पुढच्या महिन्यात या.

पुढच्या महिन्यात गेलो. आबांनी पांढरा ड्रेस नाही, घरचं धोतर आणि कोट घातला होता. "मालक म्हणून जायचंय," असं आईला म्हणाले, आणि आई हसली होती. दुपारी आमचा नंबर आला. कारकुनानं आमचे कागद काढले, त्यांच्या खालून एक जुना कागद काढला, आणि आम्हा दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. माणूस वाईट नव्हता. सांगताना त्यालाच अवघड झालं होतं.

"बाई, ही गाडी नावावर व्हायची नाही. या गाडीची नोंदणीच रद्द झालेली आहे."

मी म्हणाले, कुणी रद्द केली? पोलिसांनी?

"मालकानं. त्यांचा स्वतःचा अर्ज आहे हा. गाडी मोडीत निघाली, दुरुस्त होण्यासारखी राहिली नाही, नोंदणी रद्द करावी. पुस्तकही जमा केलंय. हरवलं बिरवलं काही नाही. आणि हा बघा साहेबांचा शेरा, गाडी समक्ष पाहिली, चालण्याच्या स्थितीत नाही." त्यानं आवाज खाली आणला. "टॅक्स थकला की करतात लोक असं. मोडीत दाखवली की पुढचा टॅक्स बंद."

"पण गाडी चालत होती! दोन वर्षं चालवली आम्ही!"

"चालत असेल हो. पण सरकारच्या लेखी ती गाडीच नाही. जी गाडी नाही, ती मी यांच्या नावावर कशी करू?"

मी तारीख विचारली. त्यानं सांगितली. खंडेनवमीच्या आधीची, बारा-तेरा दिवस आधीची. म्हणजे आधी गाडी कागदावर मारून टाकली, आणि मग तिला हार घालून, नारळ फोडून, शेजारीपाजारी बोलावून आबांच्या ओंजळीत घातली. भंगारवाल्यानं जिचे चार पैसेही धड दिले नसते, ती गाडी देऊन माणसानं तीस वर्षांची चाकरी फेडली आणि वरून डोळे टिपले! आणि मी त्याला सात पिढ्यांची हमी लिहून दिली. मुलाला हे ठाऊक होतं का? मला आजही माहीत नाही. ठाऊक असेल तर त्यानं एका आंधळ्या होत चाललेल्या म्हाताऱ्याला फुकट अडीच तास वरातीत राबवलं. ठाऊक नसेल, तर बापाचं खोटं त्याला वारशात न बघताच मिळालं. गाडी आम्ही चौकीतून कधीच आणली नाही, ती तिथंच टायर बसून, पत्रा गळून संपली.

बाहेर चिंचेखाली येऊन आबा दगडावर बसले. बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होते. तेवढ्यात एक एजंट पिशवी सावरत जवळ आला. त्यानं आतलं सगळं ऐकलं होतं. "ताई, एवढं काय मनाला लावून घेता? दुसऱ्या एखाद्या अँबॅसिडरचं पुस्तक आणून देतो, तोच नंबर तुमच्या गाडीवर ठोकायचा. कुणाच्या बापाला कळत न्हाय."

माझं डोकंच फिरलं. काय काय बोलले मी त्याला, आता लिहिता येणार नाही. शाळेतल्या बाईच्या तोंडात शोभतील असे ते शब्द नव्हते. चोर म्हणाले, तुम्ही सगळे चोर, बंगल्यातले, टेबलावरचे, झाडाखालचे, आणि वर माझ्या आबांना चोर म्हणता. रांगेतले ट्रॅक्टरवाले वळून बघायला लागले. एजंट मागं मागं सरकला.

"त्येच्यावर नगं वरडू," आबा म्हणाले. "त्यो बिचारा सांगून तरी करतोय."

आबांचं मोजून झालं होतं.

"पितृपंधरवडा व्हता त्यो," ते म्हणाले. "कारकुनानं सांगितली ती तारीख. पितरांच्या पंधरवड्यात मालक रुमालसुदिक इकत घेत न्हवते. म्हणून ध्यानात हाय माझ्या. मला नवल वाटलं व्हतं, आज मालक कामाला कसं काय भाईर पडलं." त्यांनी समोर बोट केलं. "मीच आणलं व्हतं की त्येस्नी. हितंच. ह्याच चिंचंखाली गाडी लावली व्हती."

"कुठली गाडी, आबा?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं, तरी विचारलं.

"हीच की. दुसरी कुठली?"

चिंचेखाली आता एक टेम्पो उभा होता. आबा त्याच्याकडं बघत राहिले. डोळ्यांनी त्यांना तो नीट दिसतही नसेल.

"बॅटरी उतरली व्हती तवा. मालक आत जाताना म्हणले, ड्रायव्हर, इंजिन बंद करू नगंस, पुन्यांदा चालू व्हायची न्हाय, दोन मिन्टात आलो." आबांनी कोटाची बटणं काढली. "मी न्हाय बंद केलं. पाऊण तास चालू ठिवलं व्हतं."